पूर ओसरला, ऊस हिरवा: आधी खत की आधी हवा?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या एका कुटुंबाने आपल्या चार एकर उसाबाबत कोणते निर्णय घेतले, कशाच्या आधारावर घेतले आणि त्यातून काय हाती लागले, याची ही नोंद आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही आणि क्षेत्राचे काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात नदीला लागून असलेले गाव. घरात वडील, दोन मुलगे, सुना, चार म्हशी. जमीन चार एकर, पण सलग नाही. नदीकडून गावाकडे चढत जाणारी तीन राने आहेत आणि पुढे जो फरक पडला तो या तीन पातळ्यांमुळेच पडला.

काठचे रान दीड एकर, नदीच्या गाळाचे. तिथे ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस लावलेला पूर्वहंगामी ऊस होता, वाण को ८६०३२. पूर आला तेव्हा साडेनऊ महिन्यांचा आणि शेंड्यापर्यंत नऊ-दहा फूट. मधले रानही दीड एकराचे, वाण तोच, पण जुलै २०१८ ची आडसाली, म्हणजे दीडेक वर्ष उभी राहणारी लागण. तेरा महिन्यांचा हा ऊस तेरा-चौदा फुटांवर गेलेला होता. वरचे रान एक एकर, खोल काळ्या मातीचे, निचरा मुळातच कमी. तिथे फेब्रुवारी २०१९ चा, ‘सुरू’ नावाच्या हंगामातला ऊस होता, सहा महिन्यांचा.

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. काठच्या रानात ऊस शेंड्यासकट बुडाला आणि साधारण नऊ दिवस पाण्याखाली राहिला. मधल्या रानात पाणी सात फुटांपर्यंत चढले, सहा दिवस टिकले, पण शेंडे सतत पाण्याबाहेर होते. वरच्या रानात अडीच फूट पाणी पाच दिवस होते. ते उतरले तरी जमीन पुढे कित्येक दिवस चिखलातच होती.

अडचण

पाणी उतरल्यावर तिन्ही राने लांबून सारखीच दिसत होती. पानांवर तपकिरी गाळ, पण आत हिरवा. काठचा ऊससुद्धा पहिले तीन-चार दिवस हिरवाच होता. त्यामुळे घरात दोन तट पडले. धाकट्या मुलाचे म्हणणे, "आण्णा, हिरवा दिसतोय म्हणून जित्ता हाय असं न्हाई." वडिलांचे उत्तर होते, "आरं, शेंडा कुठं सुकलाय? कारखाना सुरू होईस्तोवर उभा राहू दे की."

दुसरा प्रश्न खताचा होता. गावात जो तो युरिया टाकत होता. पिवळा पडलेला ऊस युरियाने उठतो हा अनुभव खराच आहे. तो अनुभव वाफशातल्या, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेल्या जमिनीचा आहे, आणि नेमके हेच घाईत कुणाच्या ध्यानात येत नाही.

पाण्याखाली उसाचे काय होते

हिरवे पान उजेडाच्या बळावर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यापासून साखर बनवते, ऑक्सिजन बाहेर सोडते. हे प्रकाशसंश्लेषण. उसाचा यात हात धरणारे पीक क्वचितच सापडेल. पकडलेला कार्बन आधी चार कार्बनच्या आम्लात बांधून मग साखरेच्या कारखान्याकडे, म्हणजे पानातल्या शिरेभोवतीच्या पेशींकडे पाठवण्याची त्याची खास रीत आहे. ही रीत शास्त्रज्ञांना उसाच्याच पानात उलगडली. हवाईतल्या कामावरून सुगावा लागला आणि १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोघांनी ती मांडली. कडक उन्हात आणि उकाड्यातही ऊस जोमाने वाढतो तो यामुळे.

बनलेली साखर मात्र नुसती साखर असून भागत नाही. पेशीला काम करायला लागते ती ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत असते, आणि साखर फोडून एटीपी मिळवण्याच्या क्रियेला श्वसन म्हणतात. झाड दिवसा अन्न बनवते आणि रात्री श्वास घेते, असे पुष्कळांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. श्वसन दिवसरात्र चालते, पानात चालते, कांडीत चालते आणि मुळातही चालते. मुळाला उजेड मिळत नाही, ते स्वतः साखर बनवू शकत नाही. वरून येणारी साखर आणि मातीच्या पोकळ्यांतला ऑक्सिजन यांवरच ते जगते. दिवसभरात पानांनी कमावलेल्या साखरेपैकी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी साखर श्वसनातच खर्ची पडते. उरते त्यातून वाढ होते आणि कांडीत साठा होतो.

आता पुराचे पाणी. एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २५ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात, ते ऑक्सिजनने पूर्ण भरलेले असले तरी, जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. शिवाय पाण्यातून वायू सरकण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी. वाहत्या पाण्यात निदान नवा ऑक्सिजन येत राहतो, साचलेल्या पाण्यात तोही नाही. मातीतले जिवाणू आणि मुळे मिळून जमिनीतला ऑक्सिजन एक-दोन दिवसांत संपवतात.

ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून ३० ते ३२ एटीपी मिळतात (जुन्या पुस्तकांत ३८ हा आकडा असतो). ऑक्सिजन नसताना साखर अर्धवटच फुटते, पदरात २ एटीपी पडतात आणि मागे अल्कोहोल उरते. म्हणजे तेवढ्याच ऊर्जेसाठी पंधरापट साखर जाळावी लागते. तेवढी साखर कोणत्याच पेशीकडे फार काळ नसते. शिवाय गढूळ पाण्यात काही इंच खाली उजेड पोचत नाही, त्यामुळे नवी कमाई बंद. घरात मिळकत थांबावी आणि खर्च पंधरापट व्हावा, तशी ही गत आहे.

सगळ्या पेशी एकाच वेळी मरत नाहीत. ज्या भागात पेशी सतत विभागत असतात तिथे ऊर्जेची भूक सगळ्यात जास्त, म्हणून मुळांची टोके आणि शेंड्यातला वाढीचा कोंब आधी जातात. जुने पान आणि पक्की कांडी तग धरतात. काठचा ऊस मेला तरी हिरवा दिसत होता, त्याचे कारण हेच. हिरवेपणा हरितद्रव्याचा असतो. ते पेशी मेल्यावर हळूहळू उतरते. कोंब जगला की मेला, याचे उत्तर पानाच्या रंगात मिळत नाही.

मधल्या रानाचे शेंडे पाण्याबाहेर होते. पाने कमाई करत होती, कोंबाला हवा मिळत होती आणि बुडालेल्या पेऱ्यांवर पांढऱ्या मुळ्यांचे झुपके फुटले होते. या मुळ्यांत हवेच्या पोकळ्या असतात, पाण्याच्या वरच्या थरातला ऑक्सिजन त्या घेऊ शकतात. ऊस पाणी बऱ्यापैकी सोसतो तो या जोरावर, पण शेंडा उघडा असेल तरच.

तपासणी

पाणी उतरल्यानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी तपासणी केली. त्याआधी केली तर मेलेला कोंबही पांढराच दिसतो आणि फसगत होते.

प्रत्येक रानात पाच ठिकाणी, बांधापासून किमान दहा फूट आत जाऊन, चार-चार उसांचे शेंडे घेतले. वरची पाने कोयत्याने उतरवून पोंगा, म्हणजे शेंड्यातली गुंडाळलेली कोवळी पाने, मोकळा करायचा आणि शेंड्याला मधोमध उभा छेद द्यायचा. वरून खाली येताना पानांच्या गुंडाळ्या संपतात आणि कांडी सुरू होते, तिथे बोटाच्या नखाएवढा टोकदार कोंब असतो. जिवंत कोंब मलईच्या रंगाचा, टणक, कापताना कुरकुरीत लागतो. मेलेला राखाडी-तपकिरी, पाणीदार, दाबला की पिचतो, आणि त्याला आंबूस, ताडीसारखा वास येतो. हा वास वर सांगितलेल्या अल्कोहोलचा आणि त्यावर बसलेल्या जिवाणूंचा. अशा उसाचा पोंगा हलक्या हाताने ओढला तरी सुळकन निघून येतो.

शंकास्पद उसांसाठी दुसरी, ऊस न कापता करायची चाचणी वापरली. पोंग्यावर आणि त्याला वेढलेल्या बाहेरच्या पानाच्या देठावर मार्करने एकच आडवी रेघ ओढायची. कोंब जिवंत असेल तर पोंगा वर सरकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेघेचे दोन तुकडे वर-खाली झालेले दिसतात. सेंटिमीटरभर सरकले तरी पुरे. दोन दिवसांत रेघ जागची हलली नाही तर तो ऊस गेला असे समजायचे.

काठच्या रानात २० पैकी १७ कोंब मेलेले निघाले. जिवंत असलेले तिन्ही एका उंचवट्यावरचे होते. मधल्या रानात २० पैकी २ मेलेले, तेही लोळलेल्या उसातले. वरच्या रानात एकही मेला नव्हता. पण तिथे फूटभर खणून पाहिल्यावर वरच्या सहा इंचांत काही पांढऱ्या मुळ्या आणि त्याखाली सगळ्या काळ्या, सालपट सुटलेल्या मुळ्या दिसल्या. मातीला सडक्या अंड्याचा वास होता. हा हायड्रोजन सल्फाइडचा वास. तो वायू मुळांच्या श्वसनाच्या शेवटच्या टप्प्यावरच घाव घालतो, म्हणजे आधीच गुदमरलेल्या मुळाला वर विष. शेंड्यावरून सगळ्यात सुरक्षित वाटणारे रान मुळाखाली सगळ्यात आजारी होते.

पर्याय आणि निर्णय: काठचे रान

चार पर्याय समोर होते. कारखाना सुरू होईपर्यंत ऊस उभा ठेवणे, गुऱ्हाळाला देणे, कापून खोडवा (बुडख्यांतून पुन्हा फुटणारे पीक) राखणे, किंवा सगळे मोडून दुसरे पीक घेणे.

उभा ठेवण्यात मोठा धोका होता. कोंब मेला की कांडीवरच्या डोळ्यांवरचा त्याचा दाब सुटतो आणि ते फुटू लागतात. या पांगशांना सुरुवातीला स्वतःची पाने नसतात. त्या कांडीतल्या साखरेवरच वाढतात आणि श्वसनात ती जाळतात. हंगाम नोव्हेंबरच्या आधी सुरू होणार नव्हता. तीन महिने साठा नुसता खर्ची पडणार आणि कारखान्यात जाणार तो हलका, पोकळ ऊस.

गुऱ्हाळाचा विचार एका दिवसात मागे पडला. साडेनऊ महिन्यांचा ऊस कच्चा, त्यात सुक्रोज, म्हणजे नेहमीची साखर, फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेले. असा रस कितीही आटवला तरी गूळ चिकट राहतो, घट्ट बसत नाही.

खोडवा राखायचा तर जमिनीखालचा बुडखा जिवंत हवा. दहा बुडखे उकरून पाहिले. डोळे टणक आणि आतून पांढरे असलेले सहा निघाले. म्हणून कापून खोडवा, असे ठरले.

पण कापणी लगेच झाली नाही. पंचनाम्याआधी पीक काढले तर नुकसान कशावर दाखवणार, ही वडिलांची भीती रास्त होती. सगळा तालुका पाण्यात, तेव्हा पंचनाम्याला वेळ लागणारच होता. प्रत्यक्ष कापणी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली. या प्रकरणात सगळ्यात महाग पडला तो हा उशीर. मेलेल्या उसाखाली सावली, ओल आणि कुजणारा पाला तसाच राहिला. जमीन तापली नाही, सुकली नाही, बुडख्यांना आणखी तीन आठवडे हवा मिळाली नाही. कापलेला माल जनावरांना घालायचा विचारही सोडावा लागला, कारण वाढ्यांत, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्यात, गाळ आणि बुरशी दोन्ही होते.

निर्णय: मधले रान

इथे मुख्य निर्णय काही न करण्याचा होता, आणि तो पाळणे सगळ्यात अवघड गेले. तेरा महिन्यांच्या उसाला नत्र दिले की तो पुन्हा पालवीच्या मागे लागतो, साठवलेली साखर नव्या फुटीकडे वळवतो. म्हणून युरिया नाही, फवारणी नाही. सऱ्यांच्या तोंडाशी साचलेले पाणी काढले, लोळलेल्या उसातली पुरात वाहून आलेली घाण आणि प्लास्टिक ओढून काढले, खालचे कुजके पाचट सरीतून बाहेर घेतले. बस.

सप्टेंबरपासून दर पंधरा दिवसांनी हँड रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स पाहिला. खालून तिसऱ्या पेऱ्याचा रस आणि वरून पाचव्या-सहाव्या पेऱ्याचा रस, असा वेगवेगळा. दोन्ही आकडे जवळ येत गेले की ऊस पक्व होत चालला असे समजतात. मात्र पूरग्रस्त उसात या यंत्रावर एकट्यावर विसंबू नये. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेले सगळे घन पदार्थ. सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाले तरी ब्रिक्स घटत नाही. कारखान्याला दाणेदार साखर मिळते ती सुक्रोजपासून, फुटलेली साखर मळीत जाते. म्हणून ऑक्टोबरमध्ये नमुन्याचा ऊस प्रयोगशाळेत देऊन पोल (रसातले सुक्रोज) आणि शुद्धता (विरघळलेल्या घन पदार्थांत सुक्रोजचा वाटा) हेही तपासून घेतले. पांगशा फुटलेल्या उसाची शुद्धता साफ कमी निघाली, बिनपांगशाचा ऊस ठीक होता. या अहवालाच्या आधारावर कारखान्याच्या शेतकी ऑफिसला लेखी अर्ज दिला आणि तोड पहिल्या टप्प्यात मागितली.

निर्णय: वरचे रान

तपासणी होण्याआधीच थोरल्या मुलाने पाणी उतरल्यावर चौथ्या दिवशी अर्ध्या एकरावर ४५ किलोची युरियाची एक गोण फेकली होती. त्यात नत्र साधारण २१ किलो. उरलेल्या अर्ध्या एकरासाठीची गोण तशीच ठेवायला लावली. त्यामुळे एकाच रानात दोन पद्धती शेजारी-शेजारी पाहता आल्या.

चिखलातला युरिया का वाया जातो? ऑक्सिजन संपला की मातीतले जिवाणू श्वसनासाठी दुसरी वाट धरतात. आधी नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, मग लोह आणि शेवटी सल्फेट. नायट्रेट वापरले गेले की नत्र वायू होऊन हवेत जाते. युरियाचे आधी अमोनियम होते, वरच्या पातळ थरात थोडी हवा असते तिथे त्याचे नायट्रेट होते, ते खाली झिरपले की जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. सडक्या अंड्याचा वास येत होता याचा अर्थ जमीन सल्फेटपर्यंत पोचली होती. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. उसाचे मूळ आपोआप खत शोषत नाही. नायट्रेट, पोटॅश आत ओढायला त्याला एटीपी खर्चावे लागतात. श्वसनच बंद पडलेल्या मुळाशेजारी खताचे पोते ओतले तरी ते उचलणार कशाने? पाणीसुद्धा ते नीट उचलू शकत नाही. म्हणूनच ऊन पडलेल्या दुपारी चिखलात उभा असलेला ऊस माना टाकतो आणि बघणाऱ्याला वाटते पाणी कमी पडले.

उरलेल्या अर्ध्या एकरात या क्रमाने कामे झाली.

पहिल्यांदा रानाच्या खालच्या अंगाने अडीच फूट खोल चर काढला. दर आठ-दहा सऱ्यांना एक आडवी वाट करून ती या चराला जोडली. चर ओढ्यापर्यंत न्यायचा होता, पण मध्ये शेजाऱ्याचा बांध आला. बोलणी करूनही वाट मिळाली नाही, तेव्हा कडेला खड्डा घेऊन त्यातले पाणी इंजिनाने उपसावे लागले. डिझेलचा हा खर्च कुणी धरलेला नव्हता.

मग पाने धुतली. एचटीपी पंपाने, म्हणजे जोराच्या दाबाच्या फवारणी पंपाने, साधे पाणी, पानाच्या दोन्ही बाजूंनी. गाळाचा थर उजेड अडवतो आणि पर्णरंध्रेही (पानाची हवेची बारीक छिद्रे) बुजवतो, म्हणजे पाणी उतरले तरी प्रकाशसंश्लेषण दबलेलेच राहते. सहा महिन्यांच्या उसात माणूस शिरू शकतो, म्हणून हे जमले. मधल्या रानात जमले नसते.

धुतल्यावर दोन दिवसांनी फवारणी: १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम युरिया, म्हणजे एक टक्का, सकाळी लवकर. मुळे बंद असताना पानातून थोडे नत्र जाते. हा तात्पुरता आधार आहे, जमिनीतल्या खताची जागा तो घेत नाही.

त्यानंतर थांबायचे. वाफसा आला की नाही हे रोज पाहिले. सरीच्या बगलेतून सहा ते नऊ इंच खोलीची मूठभर माती घ्यायची, दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटून ढेकळांचा भुगा झाला तर वाफसा. चपटा होऊन चिकटून बसला तर नाही. वाफसा म्हणजे बारीक पोकळ्यांत पाणी आणि मोठ्या पोकळ्यांत हवा. चर काढलेल्या अर्ध्या एकरात तो बाराव्या दिवशी आला. त्या दिवशी बैलाने हलकी कोळपणी करून वरची पापडी फोडली. ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर घातला नाही, ओल्या काळ्या मातीत चाकाखाली पोकळ्या दबतात आणि मिळवलेली हवा जाते. युरिया त्यानंतर दिला, दोन हप्त्यांत, मातीआड करून.

परिणाम

वरच्या रानातला फरक महिन्यात दिसला. धुतलेल्या आणि चर काढलेल्या भागात कोळपणीनंतर आठवड्याभरात गडद हिरवे नवे पान आले. आधी युरिया टाकलेला भाग सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पिवळाच राहिला आणि त्याला पुन्हा खत द्यावे लागले. तोडणीला दोन्ही भागांचे वजन वेगळे केले गेले नाही, त्यामुळे टनांतला फरक सांगता येत नाही. कांड्यांवर मात्र खूण राहिली होती. ऊस सोलून पाहिला की खालून वर लांब कांड्यांची रांग, मग अचानक दोन-दोन इंचांच्या आखूड कांड्या, मग पुन्हा लांब. पुराच्या आणि त्यानंतरच्या दिवसांत ऊर्जा तुटली, पेशी लांबल्या नाहीत, त्याची ही नोंद. चर काढलेल्या भागात अशा आखूड कांड्या तीन-चार होत्या, आधी युरिया टाकलेल्या भागात सहा-सात. काय हुकले ते शेतकऱ्याला यापेक्षा उघड कुणी दाखवणार नाही.

मधल्या रानाची तोड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. दीड एकरात ६६ टन ऊस गेला. आधीच्या आडसालीला त्याच रानात ८० टनांच्या पुढे निघाला होता. महापुराचे वर्ष धरता हे चांगलेच म्हणावे लागेल.

काठच्या रानाचा खोडवा मात्र निम्माच फुटला. बुडखे जमिनीलगत छाटले होते, पण ऑक्टोबरचा परतीचा पाऊस जोरात झाला आणि जमीन परत भिजली. उंचवट्याकडच्या अर्ध्या एकरात नांग्या, म्हणजे न फुटलेल्या रिकाम्या जागा, एक डोळ्याच्या रोपांनी भरून खोडवा राखला. सखल एकरात निम्म्याहून जास्त बुडखे गेलेले होते. तिथे रोपे भरत बसण्यात अर्थ नव्हता, कारण आधीची फूट सावली धरते आणि मागून लावलेले रोप तिच्याखाली उपाशी राहते. ते एकर मोडून नोव्हेंबरच्या मध्यावर हरभरा पेरला.

वेगळे काय करता आले असते

काठच्या रानात पंचनाम्याची वाट पाहतानाही हात बांधून बसायची गरज नव्हती. पीक उभे ठेवून कडेचे चर काढता आले असते. खराब पाने आणि कुजका पाला सरीतून उचलून बांधावर ठेवता आला असता. तारीख दिसेल असे फोटो, छेद दिलेल्या शेंड्यांचे फोटो आणि तलाठी कार्यालयाला लेखी अर्ज, एवढे पहिल्याच आठवड्यात झाले असते तर कापणी लवकर सुरू करण्याची परवानगी मागायला आधार मिळाला असता.

बुडख्यांची तपासणी कापणीपूर्वी एकदाच झाली, ऑगस्टमध्ये. सप्टेंबरमध्ये कापायच्या आदल्या दिवशी ती पुन्हा करायला हवी होती. दहापैकी सहा जिवंत हा आकडा तीन आठवडे चिखलात शिळा झाला होता, आणि खोडव्याचा निर्णय मात्र त्याच आकड्यावर उभा होता. पुन्हा उकरून पाहिले असते तर सखल एकर तेव्हाच मोडले असते, छाटणीची मजुरी वाचली असती आणि हरभऱ्याची मशागत वेळेवर सुरू झाली असती.

मधल्या रानात पांगशा फुटलेला ऊस वेगळा तोडून द्यायचा विचार झाला होता. ऊसतोड मजुरांच्या टोळीने नकार दिला. एकाच मोळीत चांगला आणि पोकळ ऊस मिसळून गेला. टोळीशी आधीच बोलून, तेवढ्या सऱ्यांना रंगीत पट्टी बांधून हे जमवता येण्यासारखे होते.

पानांवरच्या फवारणीबद्दल एक सावधगिरी. गावात काहींनी तीन-चार टक्क्यांपर्यंत युरिया मारला आणि कोवळ्या पानांच्या कडा जळल्या. ज्या पानावर पुढचा महिना काढायचा तेच पान जाळले तर उसाजवळ कमाईचे दुसरे साधन नाही. एक टक्का पुरतो. हवे तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा मारावा.

त्यानंतर

जुलै २०२१ मध्ये कृष्णेला पुन्हा पूर आला. या वेळी काठच्या रानात पावसाळ्याआधीच कायमचे चर काढलेले होते, आणि पूर्वहंगामी ऊस त्या रानात लावायचे कुटुंबाने थांबवले होते. तिथे आता आडसाली असते, जुलैपर्यंत शेंडा उंच जातो. पाणी उतरल्यावर सहाव्या दिवशी मार्करच्या रेघा ओढून झाल्या, आठव्या दिवशी कोणत्या सऱ्या ठेवायच्या हे ठरले होते. युरियाच्या गोणी घरात राहिल्या, वाफसा येईपर्यंत कुणी त्यांना हात लावला नाही.

वरच्या रानाचे पाणी मात्र अजून ओढ्याला मिळालेले नाही. शेजाऱ्याच्या बांधातून पाइप टाकायची तयारी आहे, खर्च निम्मा-निम्मा करायचीही तयारी आहे, पण होकार आलेला नाही. तोवर त्या एकरात दर मोठ्या पावसानंतर इंजिन लावावे लागते आणि वाफसा यायला दहा-बारा दिवस जातात.